जाळं कोणी धरायचं

मार्लिस रुंडक्विस्टला मासेमारी मुळीच आवडत नाही, हे तिच्या मुलाला अजून कळलेलं नाही. कळण्यासारखं तिने काही केलेलंही नाही. गॅरेट तेरा वर्षांचा असल्यापासून ती दर उन्हाळ्यात, दर शनिवारी, त्याच्या होडीत बसत आली आहे.

त्याचं कारण मासे नव्हते, मिनेटोंका तलाव होता. शनिवारी अर्धं मिनीयापोलिस तिथे येतं आणि त्यातलं निम्मं बिअर पिऊनच पाण्यात उतरतं. गाणी लावलेल्या तरंगत्या मेजवान्या, पाण्यावरच्या मोटारसायकली, मुद्दाम उंच लाटा उठवणाऱ्या लांबलचक मोटरबोटी, आणि त्यांच्यामधून वाट काढत उभ्याने गळ फेकणारा आपला पोरगा. पहिल्या शनिवारी ती धक्क्यावर उभी राहून हे बघत होती. दुसऱ्या शनिवारी ती होडीत होती. त्याच आठवड्यात तिने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं, कारण वयाची चाळिशी आली तरी तिला पोहता येत नव्हतं, आणि नुसतं होडीत बसून ओरडण्याचा काही उपयोग नाही हे तिला समजत होतं.

तिचा नवरा वेंडेल भट्ट्या दुरुस्त करतो आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जातो. मस्की नावाच्या दांडग्या माशाची मासेमारी त्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. दिवसच्या दिवस गळ फेकायचा, मासा दिसलाच तर दिसायचा, लागलाच तर तो मापायचा, आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. "एवढंच करायचं तर ग्रंथपाल व्हायचं होतंस," तो गॅरेटला म्हणायचा. "द्यायचं, घ्यायचं, परत द्यायचं. निदान डोक्यावर छप्पर तरी असतं."

पण मस्कीला दुसरा माणूस लागतो. चार फुटांचा, जबडाभर दातांचा मासा होडीपाशी आणला की एकाने गळाची काठी सांभाळायची आणि दुसऱ्याने लांब दांड्याचं जाळं धरायचं. बसून बसून काय करायचं, म्हणून जाळं मार्लिसकडे आलं. जाळ्याचे नियम थोडे आहेत. दोन्ही हातांनी धरायचं. ते पाण्यात बुडवून स्थिर ठेवायचं. काठीवाला मासा डोक्याकडून आत आणेपर्यंत हलायचं नाही. घाई करून शेपटीकडून गेलं की मासा झटका देतो आणि गळ सुटतो. मोठमोठे अनुभवी लोक इथे चुकतात. मार्लिस कधी चुकली नव्हती. तलावावरच्या मंडळींत तिचं नाव झालं होतं. एका दंतवैद्याने तर, रविवारी मोकळी असशील तर माझ्याही होडीत येशील का, असं विचारलं होतं. "दात फुकट साफ करतो का विचार," वेंडेल म्हणाला.

तिच्या हातात काही जादू नव्हती. तिला मासा हवाच नसायचा, म्हणून घाई नसायची. बाकीचे माशाकडे बघायचे. ती गॅरेटच्या पायांकडे बघायची, ते होडीच्या काठाच्या किती जवळ गेलेत ते.

यंदा एप्रिलमध्ये गॅरेटने नोएमीशी लग्न ठरवलं. नोएमी ट्युसॉनची, वाळवंटातली मुलगी, इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. हसतमुख, कामसू, आणि 'मार्लिस म्हण' असं कितीदा सांगितलं तरी मिसेस रुंडक्विस्टच म्हणणारी. जूनमध्ये एका रात्री जेवताना गॅरेट म्हणाला, की आता शनिवारी नोएमी जाळं धरेल. तिलाही आवड आहे, आणि आईलाही जरा आराम.

बरं होईल की, असं मार्लिस म्हणाली. मग तिने उठून धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं.

वेंडेलला आनंद झाला. शनिवारी ती घरी असणार म्हणजे गॅरेज आवरता येईल, असं तो म्हणाला. मार्लिसला गॅरेजचं काही नव्हतं. ती घरी असणार आणि गॅरेट पाण्यात असणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मुलगी चांगली होती, पण ती माशाकडे बघणार होती. पायांकडे कोण बघणार?

या खेपेला आईनेही यावं, नोएमीला दाखवायला, असं गॅरेट नंतर म्हणाला. मार्लिस दोनदा नको म्हणाली, कारण तशी रीत आहे. तिसऱ्यांदा हो म्हणाली, कारण चौथ्यांदा कोणी विचारत नाही.

शनिवारी सकाळी तिने रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा आणि हॅमचे सँडविच घेतले. नोएमीने धक्क्यावरच जीवरक्षक जाकीट चढवलं आणि सगळे पट्टे आवळले. गॅरेटने चेष्टा केली, की टायटॅनिकवर चाललीस का. इथे मोठी माणसं जाकिटं बाकाखाली ठेवतात. थंडी वाजते, असं ती म्हणाली. ऊन चांगलं तापलं होतं. मार्लिसला ही मुलगी तेव्हाच थोडी जास्त आवडली.

होडीत गॅरेट पुढे उभा, पायाखाली होडी वळवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरचं पेडल. मध्ये नोएमी जाळं घेऊन. मागे मार्लिस, मोकळ्या हातांनी. आईचे मोकळे हात गॅरेटला बघवेनात. त्याने तिला एक काठी दिली, तिच्या दोराला आमिषाचा लाकडी मासा बांधला, आणि म्हणाला, जमेल तसं टाक.

तिने जमेल तसं टाकलं. लाकडी मासा फार लांब जात नव्हता. पण दर खेपेला तो होडीपाशी आला की ती काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाचा आकडा काढायची, कारण मस्की आमिषामागून होडीपर्यंत येते आणि कधीकधी तिथेच, पायाशी, ते पकडते. बाकीचे लोक दहाव्या फेकीनंतर आठ अर्धाच काढतात आणि विसाव्यानंतर तोही नाही. मार्लिस पूर्ण काढायची, दोन्ही वळणं मोठी. अर्धवट सोडलेलं काही तिला सहन होत नाही. गॅसची बटणंसुद्धा ती झोपण्याआधी दोनदा बघते.

अकराच्या सुमारास आठाच्या दुसऱ्या वळणावर पाणी उघडलं आणि काठी तिच्या हातातून जवळजवळ गेली.

तिने काठी धरली आणि शांतपणे सांगितलं, "गॅरेट, इथे काहीतरी आहे." त्याच वेळी समोरून एक लाटा उठवणारी बोट सरळ त्यांच्या अंगावर येत होती, मागे दोरी धरून फळीवर उभा एक पोरगा आणि आत दहा जण नाचत असलेले. गॅरेटला होडीचं तोंड लाटेकडे वळवणं भाग होतं. तो पाठमोरा झाला, पेडलवर उभा राहिला आणि मागे न बघता ओरडला, "नोएमी, जाळं!"

नोएमी उठली. जाळं तिने बरोबर धरलं होतं, दोन्ही हातांनी, पाण्यात. मासा वर आला. लांब होता, हिरवट सोनेरी, ओंडक्यासारखा. डोकं जाळ्याकडे वळत होतं. अजून हातभर, आणि झालं असतं. तेवढ्यात लाट आली. होडी एका बाजूला कलली. आणि मार्लिसने पाहिलं की नोएमीचा डावा हात जाळ्यावरून सुटला आणि त्याने कठडा धरला. पांढरी पडलेली बोटं तिला दिसली. एका हातातलं जाळं फिरलं आणि माशाच्या शेपटीवर आपटलं. मासा झटकला. लाकडी आमिष हवेत उडून होडीत पडलं. पाणी मिटलं.

गॅरेट वळला तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काय झालं?"

नोएमीचं तोंड उघडं होतं. हात अजून कठड्यावरच होता. मार्लिसच्या मनात आलं, की आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. पुढच्या शनिवारी जाळं आपल्याच हातात असेल.

"मी दोर सैल सोडला," ती म्हणाली. "घाबरले."

गॅरेटने पाण्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "किती मोठा होता?"

"वाईट नव्हता."

गॅरेट मटकन बाकावर बसला. त्याच्या आईने आजवर एकाच गोष्टीला 'वाईट नव्हतं' म्हटलं होतं, आणि ती म्हणजे त्याचा जन्म.

होतं असं, तो म्हणाला. इथे कोणी रागावलं तरी बोलताना यापुढे जात नाही. पण सँडविच त्याने खाल्लं नाही आणि काठी आईकडून हळूच काढून घेतली. नोएमी काही बोलली नाही. हे मार्लिसला थोडं लागलं. खोटं तिने मनापासून सांगितलं होतं, पण मुलगी ते इतक्या सहज घेईल असं तिला वाटलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी नोएमी एकटीच घरी आली. मार्लिसने कॉफी ठेवली. नोएमी नको म्हणाली, आणि ती खरंच एकदाच म्हणाली, त्यामुळे मार्लिस जरा गोंधळली, पण कप तिने पुढे ठेवलाच.

"मिसेस रुंडक्विस्ट, चूक माझी होती. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"मग असं का सांगितलंत?"

मार्लिस म्हणाली की लाटेत कोणाचाही हात सुटतो. नोएमीने नाही अशी मान हलवली. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पलीकडे वेंडेल टीव्हीवर बेसबॉल बघत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला पोहता येत नाही."

दहा हजार तळ्यांचं म्हणवणाऱ्या या राज्यात हे कोणी असं बोलत नाही. मार्लिस खुर्चीत नीट बसली.

"गॅरेटला?"

"त्याला माहीत नाही. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, पाणी आवडतं का? मी हो म्हटलं." नोएमीने कप फिरवला. "खोटं नव्हतं. प्यायला आवडतं. आता फार पुढे गेलंय. तो लग्नाचे फोटोसुद्धा होडीत काढायचे म्हणतोय. त्याला सांगू नका, प्लीज. तो मला धक्क्यावर बसवेल आणि रोज विचारेल, ठीक आहेस ना."

 गॅरेटला एक वाक्य सांगितलं की काम झालं असतं. मुलगी किनाऱ्यावर, आपण होडीत, सगळं पूर्वीसारखं. मुलीचं भलंही त्यातच होतं, असं म्हणता आलं असतं. पण धक्क्यावर उभं राहून बघणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं.

"जाळं तूच धर," ती म्हणाली. "मी तुला धरते."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे बसते. आणि गुरुवारी सकाळी सात वाजता तयार राहा. टॉवेल घे."

गुरुवारी सकाळी नोएमीने पोहण्याच्या सार्वजनिक तलावाच्या उथळ बाजूला आठ म्हाताऱ्यांबरोबर पाण्यातला व्यायाम केला. मार्लिसने ओळख करून देताना होणारी सून म्हटलं आणि बाकी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्यांनीही विचारलं नाही, फक्त एकीने नोएमीला तरंगायला फोमचा दांडा आणून दिला. गॅरेटला दोघींनी लग्नाचे टेबलक्लॉथ बघायला गेलो होतो असं सांगितलं. तो पुढे काही विचारणार नाही याची त्यांना खात्री होती.

शनिवारी मार्लिस होडीत चढली तेव्हा गॅरेटने विचारलं, की तू पुन्हा येतेयस? गॅरेज आवरायचं होतं ना? तिने सांगितलं की वेंडेलला ते एकट्याने आवरायला आवडतं. वेंडेलला हे अजून माहीत नव्हतं.

ती नोएमीच्या मागे बसली, नोएमीच्या जाकिटाचा कमरेचा पट्टा मुठीत घट्ट धरून. दुपारपर्यंत एकही मासा आला नाही. लाटा मात्र आल्या. पहिल्या लाटेला नोएमीचा हात सुटू लागला, तसा मार्लिसने पट्टा खेचला. दुसऱ्या लाटेला हात जाळ्यावरच राहिला.

गॅरेट गळ फेकता फेकता मागे वळला आणि बघत राहिला.

"आई, काय करतेयस?"

"तोल सांभाळतेय."

"कोणाचा?"

तेवढ्यात पुढची लाट आली, आणि मार्लिसने पट्टा आणखी घट्ट धरला.