दोन चाकं ठोकून लिहिलेलं परीक्षण

रेऊचा फोन आला तेव्हा मी परभणीत गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसलो होतो. आठ महिन्यांत भाचीचा हा पहिला फोन. मी हरखून "बोल गं" म्हणेपर्यंत ती म्हणाली, "मामा, बाबा गेले."

दाजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, पूर्णा जंक्शनला रेल्वेत होते. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाक न् चाक ठोकत जायचे. चांगलं चाक घुमतं, तडकलेलं बद्द बोलतं. माझ्या लग्नात आलेली भांडीही त्यांनी टिचक्या मारून तपासली होती. एका हंड्याला "बद्द" म्हणाले आणि तो वर्षाच्या आत गळला. तेव्हापासून माझ्या सासुरवाडीत त्यांचा धाक होता. माझा कधीच नव्हता.

रेऊ 'खडी' नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. त्यांचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम आला. मुंबई-पुण्याकडच्या एका समीक्षकाने 'धाडसी' म्हटलं, बाकीच्यांनी 'डोकेदुखी'. मी पुरवणीत लिहितो ते भावगीतांवर, पण संपादकांनी विचारलं आणि मला नाही म्हणता येत नाही. दोन गाणी ऐकली, उरलेली सात कल्पनेने ऐकली आणि लिहिलं: 'भांड्यांची मांडणी कोसळली तरी निदान एकदाच कोसळते.' या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो. अक्काने ते कात्रण न वाचताच देवघरात ठेवलं. भावाचं नाव आणि लेकीचा फोटो एकाच कागदावर! रेऊने मात्र वाचलं.

पुढे एका दुपारी पूर्णेला गेलो, तर दाजी ओसरीत डोळे मिटून बसलेले. आवाज घुमावा म्हणून फोन पितळी तांब्यात उभा केलेला, खुर्चीच्या हातावर बोट टकटकतंय. यार्डात मालगाडी सरकत होती. कुठला आवाज तिचा आणि कुठला तांब्यातला, हे मला कळेनासं झालं... जणू ती अख्खी दुपारच हळूहळू रुळावरून पुढे चालली होती.

"सहावं बद्द बोलायलंय," दाजी म्हणाले. "पोरीलाबी सांगितलं. म्हणली, व्हय बाबा, ते उगं भरतीला घातलंय. बाकीचे आठ लय घुमायलेत. तुमी ऐकलं का, पाव्हणं?"

"ऐकलं की..."

"किती?"

"दोन."

ते हसले नाहीत. "दोन चाकं ठोकून अख्खी गाडी रद्द केली व्हय? पुरतं ऐका एकदा. मग शिव्या घाला, माझी ना न्हाई."

ऐकतो म्हणालो. अक्काने दिलेले लाडू घेऊन परत आलो. लाडू संपवले, गाणी ऐकली नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. रेऊ माझ्यापासून लांब, उंबऱ्यावर बसली होती. मी तिच्याकडे तो तांब्या मागितला. तिने फोनवर अल्बम लावून तो त्यात ठेवला. नऊच्या नऊ ऐकली. खरं सांगतो, तिसऱ्याला माझे दात हलले. सहावं बद्दच होतं. पण नवव्याच्या शेवटी सगळा गदारोळ एकेक करून उतरत गेला, आणि मागे राहिलं फक्त... ठण. खडीवरची चार पावलं. ठण. ती चाल माझ्या ओळखीची होती.

"दाजी?"

"हं. यार्डात जुना डबा उभा होता, तिथं रेकॉर्ड केलं."

"मला सांगायचं तरी!"

"मी म्हणत होते. बाबा म्हणले, सांगितल्यावर ते माझ्या भिडंनं ऐकतील. त्यांचं त्यांला ऐकू दे."

म्हणून इथे लिहून देतो, माझं परीक्षण चुकलं होतं. सहावं गाणं सोडून.

ओसरीतल्या खुंटीला हातोडी अजून आहे. मी निघालो तेव्हा रेऊने ती उतरवून माझ्या हातात दिली. काय करावं ते न सुचून मी ओसरीचा लोखंडी खांब हलकेच ठोकला, आणि सवयीप्रमाणे लगेच मत द्यायला तोंड उघडलं.

रेऊने हात वर केला. "पुरतं ऐक, मामा."

खांब अजून घुमत होता.