बंद दाराचा दुखवटा

उरणच्या अलीकडे, जिथे परवापरवापर्यंत मिठागरं होती तिथे, 'सागरदर्शन हाइट्स' नावाची सोसायटी उभी आहे. तिच्यातून सागराचं दर्शन होत नाही. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर चढून मान उजवीकडे मोडली, तर न्हावा शेव्याचे एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात आणि त्यांच्या पलीकडे समुद्र असावा असा दाट संशय येतो.

या सोसायटीत सहाव्या मजल्यावर कमलेशने फ्लॅट घेतला आणि रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यातून आईला, म्हणजे केसरबाईंना, आणलं. वडील तुकाराम नाखवा गेले होते, बोट दिराने घेतली होती, आई एकटी पडली होती. कमलेश कंटेनर यार्डात सुपरवायझर. एका इशाऱ्यावर अवजड डबे जहाजावर चढवणारा गडी. पण साठ वर्षं एका ओट्यावर बसलेली आई हलवताना त्याला घाम फुटला. शेवटी तह झाला. शिमग्यापर्यंत राहून बघायचं. रमलं नाही तर शिमग्याला गावी सोडायचं, आणि पुन्हा कधी 'चल आई' म्हणायचं नाही.

केसरबाई रमेनात. त्यांचा आवाज बाजारात मासळी विकून कमावलेला. त्या 'चाय झाली का?' असं सुनेला हळूच विचारत, तेव्हा चौथ्या मजल्यावरचं मूल दचकून उठे. लिफ्टमध्ये लोक देवळाच्या कळसाकडे बघावं तसे वरच्या आकड्यांकडे बघत उभे राहत. केसरबाई त्यांना विचारत, "कोनाची गो तू?" त्यावर लोक पुढच्या मजल्यावर उतरत आणि जिन्याने जात.

पण सगळ्यात जास्त छळलं ते दारांनी. त्यांच्या वाडीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. घरात माणूस नसलं तरी दार उघडं. कुत्रं शिरलं तर शेजारीण हाकलते. भरदिवसा दार लागलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ एकच. त्या घरात कोणीतरी गेलंय. मग शेजारणी चौकशा करत नाहीत. गेलेल्याचं नाव विचारणं हा तर चक्क आगाऊपणा. चूल बंद असणार हे धरून भाकरी आणि बिनफोडणीची आमटी घेऊन जायचं, जवळ बसायचं आणि रडायला लागायचं. नाव रडता रडता कळतंच.

पहिल्याच दिवशी मजल्यावरची तिन्ही दारं बंद बघून केसरबाई कळवळल्या होत्या. "पटकीची साथ आली का काय रं हितं?"

"आई, इथे सगळे दार लावूनच जिवंत असतात," कमलेश म्हणाला.

हे केसरबाईंनी ऐकलं, पण आतड्याला काही पटलं नाही. त्या आपलं दार उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसत आणि बंद दारांकडे बघत उसासे टाकत. समोरच्या घरात गुलबानू आणि सिराजुद्दीन राहत. सिराजुद्दीनने कुवेतमध्ये क्रेन चालवण्यात जन्म काढला होता, आता मुलगा अफान कतारला होता. गुलबानूशी ओळख येता-जाता हसण्यापुरती. तरी तिच्या कुकरच्या शिट्टीवर केसरबाईंचा विश्वास होता. दार बंद असलं तरी शिट्टी वाजतेय म्हणजे घर धडधाकट आहे.

माघातल्या एका सकाळी लिफ्ट उघडली. गुलबानू तोंडावर ओढणी दाबून बाहेर आली. डोळे लाल, गाल सुजलेले. सिराजुद्दीनने तिला दंडाला धरलं होतं. दोघंही एक शब्द न बोलता आत गेली. दार बंद झालं. दुपारच्या सुमारास सिराजुद्दीन एकटाच घाईने खाली गेला. जेवायची वेळ झाली. कुकर वाजला नाही.

केसरबाईंनी पदर खोचला. सून कामावर गेली होती, अडवणारं कोणी नव्हतं. तांदळाची भाकरी, बिनफोडणीची आमटी. समोरची बेल दाबली. गुलबानूने दार उघडताच केसरबाईंनी ताट खाली ठेवलं आणि तिला छातीशी धरलं.

"रड बाय, रड. दाबून ठेवू नको. मोकली हो." आणि स्वतःच असा हंबरडा फोडला, की खाली पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली.

गुलबानूची तर दाढ काढलेली. तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरने अर्धा तास बोलू नका म्हटलं होतं, तिने भीतीने दिवसभर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण मूळची ती श्रीवर्धनची. रडणारी शेजारीण जेवण घेऊन दारात येते ती कशासाठी, हे तिलाही ठाऊक होतं. आपल्या घरचं कोणी गेलंय, आणि ही बातमी आपल्याआधी हिला कळलीय! बोळा थुंकून ती किंचाळली, "या अल्ला! माझा अफान?"

आता नाव कळलं. "अफान रं! माज्या सोन्या!" म्हणत केसरबाईंनी, कधीही न पाहिलेल्या मुलासाठी, वरचा सूर लावला.

मजल्यावरची उरलेली दोन्ही दारं उघडली. जिन्यावरून माणसं आली. जे आले नाहीत त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. कोणाला, हे कोणीच विचारलं नाही. त्या बाबतीत सोसायटी आणि कोळीवाडा यांचं एकमत निघालं.

गुलबानूने कतारला फोन लावला.

"अम्मी, ड्यूटीवर आहे ना मी! काय झालं?"

"तू बरा हायस?"

"आहे की! तुझी दाढ निघाली का?"

केसरबाईंचा सूर मध्येच तुटला. "दाढ?"

तेवढ्यात सिराजुद्दीन आला. दारातली गर्दी बघून त्याच्या हातातली पिशवी गळाली. आत आइस्क्रीम होतं. दात काढल्यावर थंड द्या, म्हणून डॉक्टरने सांगितलेलं. गुलबानू सुजलेल्या गालाने हसायला लागली, कळ आली की रडायची, पुन्हा हसायची. "केसरबाय, माझ्या दाढेवर इतकी रडलीस? माझी सासू गेली तेव्हा मी पण इतकी रडले नव्हते!"

"जबान सांभाळ," सिराजुद्दीन म्हणाला. "अम्मा होती माझी."

ग्रुपवर 'सहावा मजला' एवढंच वाचून कमलेश यार्डातून हेल्मेटसकट धावत आला. आपलं घर उघडं, रिकामं. मग समोरून तो ओळखीचा आवाज आला. आत केसरबाई मांडी ठोकून बसून, आमटीत भाकरी मऊ कुस्करून गुलबानूला भरवत होत्या आणि मधूनमधून स्वतः आइस्क्रीम खात होत्या.

हेल्मेट काढून तो आईसमोर बसला. म्हणाला, "आई, चुकलं माझं. तुला इथे करमत नाही. शिमग्याची वाट कशाला बघायची? उद्याच गावी सोडतो."

"उद्या?" केसरबाई उसळल्या. "आनि हिची भाकरी कोन कुस्करंल, तू? शिमग्यालाच जावाचा. गुलबानू आनि सिराजभाय पन येतान. दोन दिस होली बघू आनि परत येव. गाडी जरा मोठी सांग."

कमलेश उठला. सवयीने बाहेर जाताना त्याने दार ओढून घेतलं.

"लावू नको रं मेल्या!" आतून दोन आवाज एकदम आले.