आमेन येईपर्यंत

शाळेची खिचडी शिजली की माझ्या जोडीची बाई पातेल्याच्या झाकणावर हात ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आकाशातल्या बापा, लई उपकार." मग कान देऊन उभी. शाळेची पोरं ताटल्या बडवत असायची.

"बाई, बुडाला लागतीया!" मी ओरडायचे.

"लागू दे. त्यांचं आमेन येऊ दे."

त्यांचं म्हणजे नवऱ्याचं आणि लेकीचं. दोघंही तापात गेलेली. ती ख्रिस्ती, म्हणून दोघांना वेल्ह्याकडच्या तिच्या गावात पुरलं होतं. पुढे ते गाव धरणात गेलं. आम्हा हिंदूंची मेलेली माणसं जळून मोकळी होतात. तिची पाण्याखाली राहिली. ती भोरला आली आणि शाळेच्या चुलीवर माझ्या जोडीला अकरा वर्षं राबली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हंगामाच्या पहिल्या तांदळातली राखलेली मूठ घेऊन ती तिकडे जायची. एकदा मलाही नेलं. भर दुपार. भेगाळलेला चिखल आणि त्यात थडग्यांचे दोन दगड. तिने तांदूळ ठेवले, उपकार मानले.

माझं डोकं फिरलं. "नवरा नेला, लेक नेली, वर त्यांची माती बी बुडवली. कशाचं उपकार?"

"नेल्याचं न्हाई ग. सात वर्सं लेक दिलीवती, त्याचं."

मग ती थांबली. तुम्ही हसाल, पण मी ऐकलं. चिखलातून आमेन आलं. एक जाड आवाज, एक बारीक. चिखलातली हवा सुटली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अंगावरचा काटा मात्र सडकेला लागेपर्यंत गेला नाही.

परतताना ती म्हणाली, "मला हितं कोण पुरणार? त्यांच्यात जायचं राहूनच जाईल बघ. माझ्यामागं तू तांदूळ आणशील का?"

"म्या न्हाई चिखल तुडवायची. तुझा देव, तूच बघ."

"बरं," म्हणाली. त्याचेही उपकार मानले असतील. तिचा नेम नव्हता.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. भोरलाच पुरलं. धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं.

यंदा पाणी उतरलं तशी मी एसटीने गेले. का, ते विचारू नका. दगडांपाशी तांदूळ ठेवले. प्रार्थना मला येत नाही. "बाईनं अकरा वर्सं जोड दिली. लई उपकार," एवढंच म्हणाले आणि थांबले.

जाड आवाज आला. बारीक आला. मी वळणार, तोच आणखी एक आला. जरा उशिराने, लांबून चालत आलेल्या बाईला धाप लागावी तसा.