हलच्या फोनचा शोध

"बाबा सकाळी गेला, काका. आई म्हणते लगेच निघू नका, आज ट्रेन्सचा स्ट्राइक आहे..." मधूच्या मुलीचा, रियाचा, फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये इल्फर्डला, माझ्या किचनमध्ये, चहा गाळत होतो. मरणाच्या बातमीतसुद्धा माझ्या प्रवासाची काळजी! घराला मधूचंच वळण, दुसरं काय. मी अर्थातच ऐकलं नाही, टॅक्सी करून लंडनच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅनमोरला त्याच्या घरी गेलो. त्याला आता सहा आठवडे झाले, आणि रविवार उजाडला की अजून माझा हात आपोआप फोनकडे जातो.

मधू म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर, मी केमिस्ट. चाळीसेक वर्षांची मैत्री, आणि त्यातले बरेचसे रविवार आम्ही कार बूट सेलच्या, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनंपानं विकतात त्या बाजारांच्या, चिखलात घालवले, कारण मधूला जुन्या टेलिफोनचं वेड होतं. तेही कुठल्याही टेलिफोनचं नाही. या देशातले जुने फोन बहुतेक सगळे पोस्ट खात्याचे. त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्याला हवे असत ते पोस्टाच्या पंखाखाली न आलेल्या, स्वतंत्र टेलिफोन कंपन्यांसाठी बनवलेले. वरून दोन्ही सारखेच काळे, सारखेच जड. फरक कळायचा तो उलटे केल्यावर. तळाशी पोस्टाचा शिक्का आहे की नाही, रिसिव्हरच्या आतल्या अंगाला कोणती अक्षरं आहेत, आतल्या भागांवर कोणाची खूण आहे, हे सगळं तो बोटाने चाचपून बघायचा, पेशंटचं पोट तपासावं तसं. कोणाच्या घरी जुना फोन दिसला तर यजमानांना नमस्कार करण्याआधी हा फोन उलटा करायचा. नलिनीवहिनींनी त्यापायी किती वेळा माफी मागितली असेल, देव जाणे. मलाही त्याने सगळं शिकवलं. "डायलच्या मधल्या गोल चिठ्ठीवर कधी विश्वास ठेवू नकोस," तो बजावायचा, "नंबरची ती चिठ्ठी कोणीही काढतं, कोणीही घालतं. तळ बघ."

या वेडाचं मूळ मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मधूची पहिली नोकरी यॉर्कशरमधल्या हल शहरात. तिथले टेलिफोन पोस्टाचे नव्हते, शहराच्या कौन्सिलचे होते. रस्त्यावरचे फोनबूथसुद्धा लाल नाहीत, क्रीम रंगाचे. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये, कॉरिडॉरच्या टोकाला असाच एक काळा फोन होता, आणि त्यावर एकदाच साताऱ्याहून त्याच्या आईचा ट्रंक कॉल आला. विलायतेपर्यंत आवाज पोहोचायचा म्हणजे ओरडायलाच हवं, अशी त्या माउलीची समजूत. ती ओरडत होती, आजूबाजूच्या खोल्यांमधून गोरे डॉक्टर डोकावत होते, आणि मधू शरमून म्हणत होता, आई, हळू बोल. "तीन मिनिटांचा कॉल, अरविंद. चार वेळा मी तिला हळू बोल म्हणालो. दुसरं काय बोललो ते आठवतच नाही..." पुढच्या उन्हाळ्यात तो घरी जायच्या आधीच आई गेली. तिचा आवाज त्याने त्यानंतर ऐकला नाही. नेमका तोच फोन आता मिळणार नाही हे त्याला कळत होतं. पण हलचा, त्याच जातीचा एक तरी फोन त्याला घरात हवा होता. इतर गावांचे, इतर कंपन्यांचे कपाटभर जमले. हलचा मात्र हुलकावणी देत राहिला.

तो मला मिळाला! मधूला ताप होता म्हणून त्या रविवारी मी एकटाच गेलो होतो. पावसात एका म्हाताऱ्याच्या टेबलावर, ताडपत्रीखाली, काळा फोन, आणि डायलच्या मधल्या चिठ्ठीवर चक्क हलचं नाव. मी लगेच पाकीट काढलं. दुसरं गिऱ्हाईक मागे उभं, म्हातारा भाव वाढवायच्या बेतात. मी फोन कोटात गुंडाळला आणि भिजत स्टॅनमोरला पोहोचलो. मधूने शाल बाजूला केली, फोन दोन्ही हातांनी उचलला, मांडीवर ठेवला. उलटा नाही केला. जन्मभर दिसेल तो फोन उलटा करणारा हा माणूस त्या फोनवरून नुसता हात फिरवत राहिला. "सापडला रे," म्हणाला, "संपला शोध." त्याचे डोळे भरले होते, माझेही. मला वाटलं, माणूस गहिवरला की एवढं भान कुठलं राहायला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूष होतो.

तो फोन कपाटात गेला नाही, त्याच्या पलंगाशेजारी राहिला. आणि रविवार हळूहळू विरळ झाले. शोधच संपला, मग चिखलात कशाला जायचं? आधी महिन्याला एकदा, मग सणावारी, पुढे नुसतं फोनवर बोलणं. मी मनातून म्हणायचो, चला, मित्राची एवढी एक इच्छा तरी आपल्या हातून पुरी झाली.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. एका म्युझियमची माणसं तो संग्रह न्यायला येणार होती, त्याआधी फोन ओळखून प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची होती. "तुमच्याशिवाय आता कोणाला कळणार, भाऊजी?" दुपारभर मी एकेक फोन उलटा करत होतो, आणि दर फोनला मधूचं बोट माझ्या बोटाशेजारी आहे असं वाटत होतं. शेवटी पलंगाशेजारचा उचलला. सवयीने उलटा केला. तळाशी पोस्टाचा शिक्का, लख्ख. रिसिव्हरच्या आतही तोच. हलची होती ती फक्त चिठ्ठी.

मी तो शिक्का बोटाने पुन्हा चाचपला. वहिनी दारात उभ्या होत्या. "पोस्टाचा आहे ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना हातात घेताक्षणीच कळलं होतं, तळाचा शिक्का बोटांना लागला. तुम्ही गेल्यावर मला दाखवला. म्हणाले, अरविंद पावसात भिजत आलाय, आता हा हलचाच. मलाही ताकीद होती, तुमच्यासमोर शब्द काढायचा नाही."

"आणि वहिनी, खरा हलचा? तो नकोच होता मग?"

"हवा होता की. पण परत शोधायला निघाले असते तर तुम्हाला कळलं असतं ना."

फोन त्यांनी मलाच दिला. परतताना ट्यूब रेल्वेत तो मांडीवर घेऊन बसलो, आता माझ्याकडे खिडकीपाशी आहे. मला ओशाळं व्हावं लागू नये म्हणून मधूने आईचा फोन सोडून दिला, हे मला कळतं. त्याच्यासारखं माणूस पुन्हा भेटायचं नाही, हेही कळतं. पण खरं सांगू का, मला त्याचा राग येतो. त्याच दिवशी म्हणाला असतास ना मध्या, की गाढवा, तळ बघितला नाहीस... थोडा वेळ तोंड पाडून बसलो असतो, आणि पुढच्या रविवारी आपण दोघं पुन्हा निघालो असतो.