सिंकातली पांढरी फुलं

मी प्लंबर आहे. गळणारं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी आधी नळ बघतो, मग माणसं. बायको म्हणते, हा गुण नाही, खोड आहे.

ती डोंगरातली. तिच्या आईच्या अंगणात दगडी बांधाच्या फटींतून एक बुटकं झुडूप वाढायचं. थंडीभर बर्फाखाली गाडलेलं, आणि बर्फ वितळला की पांढऱ्या फुलांनी सगळा बांध झाकून टाकायचं. यंदा सासूबाई गेल्या, घर विकलं, आणि मेहुण्याने त्या बांधातली तीन रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून बहिणीच्या हाती दिली. माहेरचं तिच्याकडे तेवढंच उरलं.

कुंडीचा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. एका गिऱ्हाइकाकडून काढून आणलेलं जुनं सिंक गॅलरीत विटांवर मांडलं. तिने त्यात खडी, वाळू, थोडी माती भरली आणि बजावलं, "ह्यांच्या मुळाशी पाणी साचता कामा नये."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हातखंडा आहे.

पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "प्लंबरचं घर, आणि आमच्या चादरींवर ठिबकतंय," एवढंच हसून म्हणाल्या. माझं नाकच कापलं गेलं. घरी आलो आणि बायकोचं लक्ष नाही असं बघून सिंकाला खालून बूच मारलं. पक्कं काम झालं की मी ते विसरून जातो, तसं हेही विसरलो.

दोन रोपं पिवळी पडून कुजली. बायकोने उन्हाला दोष दिला. मीही दिला, अगदी तावातावाने.

मग एका सकाळी ती तिसरं काढायला बसली. "भावाकडे पाठवते. ह्याला इथलं मानवत नाही. मला तरी कुठे मानवलं?" तिने खडीत बोटं खुपसली आणि मनगटापर्यंत चिखल वर आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सिंकाखाली आडवा होऊन बूच ओढलं. काळं, घाण वास मारणारं पाणी माझ्या शर्टावर आणि खालच्या चादरींवर ओतलं गेलं.

आता माझी खैर नाही, असं वाटलं. पण ती आवाज न चढवता म्हणाली, "आई गेली तेव्हाही तुम्ही हेच केलंत. मी रडायला लागले की पाण्याचा ग्लास पुढे करायचात, 'पुरे आता' म्हणायचात."

आणि मी समजत होतो, मी तिला सावरलं.

मग ती रडली. खालून वहिनी हाका मारत होत्या. मी तसाच भिजलेला तिच्याशेजारी बसून राहिलो, पाण्याचा ग्लास आणायला उठलो नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि रोप परत खडीत लावलं.