काकू टीव्हीवर आल्याच नाहीत

मंडळी, आज माझ्या हातून जे झालं ते सांगतो. फोटोंच्या सीडी बनवणाऱ्यांनी तर वाचाच.

खुटबावच्या आप्पांच्या बायकोचा आज दहावा होता. त्यांच्या मुलाने चार दिवसांपूर्वी घरातले अल्बम माझ्या स्टुडिओत आणून दिले होते. काकूंचा एकटीचा फोटो एकही नव्हता. प्रत्येक लग्नात, बारशात त्या चुलीपुढून उठून शेवटी आलेल्या आणि अगदी कडेला उभ्या. मी सगळे फोटो स्कॅन केले, कॉम्प्युटरवर तपासले आणि सीडी दिली.

जेवणं झाल्यावर ओसरीत टीव्हीवर ती सीडी लावली. आप्पा पुढंच बसले होते. तीन फोटो गेले, चार गेले.

"आरं, ही कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"पुढच्या फोटूत असंल, आप्पा," मुलगा म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटरवर पूर्ण दिसणाऱ्या चित्राच्या कडा टीव्ही थोड्या कापतो. म्हणून फोटो लहान करून भोवती काळी जागा सोडायची असते. तेच मी विसरलो होतो. कुठं काकूंचा पदर दिसला, कुठं नुसता हात. सीडी संपून स्क्रीन निळी झाली तरी आप्पा बघत बसले.

दुसरी सीडी करून देईन, पण दहावा परत येत नाही.

घरी येऊन माझ्याच लग्नाची सीडी लावली. आई शेवटपर्यंत दिसली नाही. ती आतून विचारत होती, "काय बघतोयस रं? च्या टाकू का?"

तुम्हीही आज लावून बघा. कोण दिसत नाही, ते इथं लिहा.