फूटपट्टीकाका आणि डावा गुडघा

ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टीकाका म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊकही आहे. कॉम्प्युटरच्या पडद्याला प्लॅस्टिकची फूटपट्टी लावून बटणं मोजणारा माणूस दुसरं काय म्हणवून घेणार! एका भाषेत ‘पुढे जा’ दोन शब्दांत उरकतं, दुसरीत त्याची आगगाडी होते आणि शेवटचा डबा बटणाबाहेर लोंबतो. ते लोंबणं काकांना खपत नाही.

त्यांच्या कंपनीची दवाखान्यात नंबर लावायची वेबसाइट आज आठ देशांत चालते. तिला परदेशी धाडण्याआधी तिथल्या लोकांत शोभेल अशी करणं, हे काकांचं काम. कुठे तारीख आधी तर कुठे महिना आधी. कुठे लोकांना आडनावच नसतं, म्हणून तो रकाना सक्तीचा ठेवायचा नाही. या परक्या भाषांपैकी काकांना एकही येत नाही. याची लाज वाटणं दूरच, ते त्याचा टेंभा मिरवतात. “अर्थ कळला की माणूस वाचत बसतो, मग चूक दिसत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या विभागाच्या मॅडम त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. घाई असली की त्या म्हणतात, “काका, किती घोळ घालाल? कुठेही जा, पळसाला पानं तीनच.”

“असतील हो मॅडम. पण कुठलं पान कुठल्या बाजूला, ते बघायला नको?”

नववा देश आला तो उजवीकडून डावीकडे लिहिणारा. काकांना असा हुरूप चढला की विचारू नका. सहा आठवडे ते जेवतानासुद्धा वाटीची जागा बदलून बघत होते. त्यांनी फर्मानच काढलं, की उलटवायचं तर सगळं उलटवायचं. बाण, याद्या, रकाने, सगळं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीने भीत भीत विचारलं, “काका, चित्रंसुद्धा?”

“चित्रंसुद्धा. घर बदलताना कुणी एक पाय जुन्या घरात ठेवतं का?” असं म्हणून त्यांनी तपासणीच्या यादीत स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

सोमवारी सकाळी वेबसाइट सुरू व्हायची होती; काकांचा होकार तेवढा बाकी होता. तो देण्याआधी काकांचा एक रिवाज असतो. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ते काकूंना लॅपटॉपसमोर बसवतात. काकूंना ती भाषा तर येत नाहीच, वर कॉम्प्युटरचा मनापासून कंटाळा. त्यांना जमलं तर जगात कुणालाही जमेल, हा काकांचा हिशोब.

“बस इथे. आणि आजारी आहेस असं समज.”

“समजायला कशाला हवंय?” काकू म्हणाल्या.

कुठे दुखतंय ते सांगायला वेबसाइटवर एका पाठमोऱ्या माणसाचं चित्र आहे. पाठमोरं, म्हणजे आपलं डावं तेच त्याचं डावं. दुखेल तिथे बोट लावायचं, की डॉक्टरच्या पानावर त्या अवयवाचं नाव उमटतं. काकूंनी बोट लावलं. डॉक्टरचं पान काकांच्या समोर दुसऱ्या पडद्यावर होतं, आणि ते तपासणीपुरतं आपल्या भाषेत होतं. ‘उजवा गुडघा.’ काकांनी वहीत ‘ठीक’ लिहिलं.

“काय आलं?”

“उजवा गुडघा. अगदी बरोबर.”

“बरोबर कसं? मी डाव्यावर बोट ठेवलं.”

“घसरलं असेल. तुझा उजवाच दुखतो ना!” काकांनी समजूत घातली.

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “गुडघा माझा आहे. डावा दुखतो.”

त्यांनी पुन्हा बोट लावलं. उजवा गुडघा. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः त्यांचं बोट धरून डाव्या गुडघ्यावर टेकवलं. उजवा गुडघा.

आता काकांच्या लक्षात आलं. चित्र उलटलं, तशी त्याच्यामागची अवयवांची नावंही उलटली होती. पाठमोरा माणूस दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पत्ताच लागत नव्हता. ऑफिसात पाच जणांनी तपासलं होतं. पण त्यांचं कुणाचं काही दुखत नव्हतं, त्यामुळे बोट लावलं की काहीतरी उमटतंय एवढंच त्यांनी पाहिलं. उद्यापासून त्या देशात कुणाच्या चांगल्या गुडघ्यात सुई गेली असती, कुणाच्या धडधाकट पायावर सुरी. क्षणभर काकांच्या मनात त्या मुलीचं नाव आलं. खोटं कशाला सांगा, आलं. पण यादीतली खूण कुणाच्या हातची होती, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी मॅडमना फोन लावला. “मॅडम, उद्याचं थांबवा. चूक माझी आहे. पान उलटवताना मी माणूसही उलटवला.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गुरुवारी करू. पण काका, एवढ्या लोकांच्या नजरेतून सुटलेली चूक तुम्हाला सापडली कशी?”

“बायकोचा डावा गुडघा दुखतो,” काका म्हणाले. हे आपल्याला आत्ताच कळलं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

फोन ठेवून ते काकूंच्या शेजारी बसले. वहीतलं ‘ठीक’ त्यांच्याने बघवेना. नऊ देशांच्या डाव्याउजव्याची काळजी वाहणारा माणूस, आणि काखेत कळसा! त्यांना मनापासून शरम वाटली.

“कधीपासून दुखतोय डावा?”

“झाली की दोन वर्षं.”

“दोन वर्षं! अगं, मग रोज संध्याकाळी मी गरम पाण्याची पिशवी आणून उजव्यावर ठेवतो, तेव्हा बोलायचं नाही?”

“इतक्या प्रेमाने आणता, कशाला मोडता घालायचा?” काकू म्हणाल्या. “तुम्ही आत गेलात, की घेते उचलून डाव्यावर.”